लॅपटॉपमध्ये इंटिग्रेटेड ग्राफिक्स पुरेसे आहेत का? खरेदीपूर्वी करायची सविस्तर पडताळणी

बारावीनंतर अभियांत्रिकीला किंवा वास्तुकलेला प्रवेश मिळाला की घरात नव्या लॅपटॉपची चर्चा सुरू होते आणि त्या चर्चेत ‘ग्राफिक कार्ड हवे की नको’ हा प्रश्न हमखास निघतो. दुकानदार ‘घेऊन टाका, पुढे उपयोगी पडेल’ असे सांगतो, एखादा मामेभाऊ ‘अजिबात गरज नाही’ म्हणतो, आणि दोघांपैकी कोणीही कोणते काम करायचे आहे हे विचारलेले नसते. वास्तविक ‘इंटिग्रेटेड ग्राफिक्स चालतील का’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण या एका नावाखाली मोडणाऱ्या चिपांच्या क्षमतेत कित्येक पटींचा फरक आहे. शिवाय तीच चिप एका लॅपटॉपमध्ये उत्तम चालते आणि दुसऱ्यात रखडते, आणि याचे कारण बहुतेक वेळा रॅमच्या मांडणीत असते. म्हणून निर्णय घेण्यापूर्वी काय, कोठे आणि कोणत्या क्रमाने तपासावे, हे येथे मांडले आहे.

इंटिग्रेटेड ग्राफिक्स म्हणजे प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये बसवलेला, पडद्यावरचे चित्र तयार करणारा विभाग. स्वतंत्र ग्राफिक कार्डाला स्वतःची वेगवान मेमरी असते. इंटिग्रेटेड ग्राफिक्सला ती नसते आणि त्याला लॅपटॉपची रॅमच वापरावी लागते. त्याच्या बहुतेक मर्यादा या एका गोष्टीतून उद्भवतात. दुसरीकडे, स्वतंत्र कार्ड असलेल्या बहुसंख्य लॅपटॉपमध्येही इंटिग्रेटेड ग्राफिक्स असतातच. ब्राउझर, वर्ड, चित्रपट पाहणे ही कामे वीज वाचवण्यासाठी त्यांच्यावरच चालतात आणि कार्ड त्या वेळी झोपलेले असते. त्यामुळे महागडा गेमिंग लॅपटॉप घेतला तरी दिवसातील बराचसा वेळ आपण इंटिग्रेटेड ग्राफिक्सच वापरत असतो.

पहिली पायरी: कामांची यादी सॉफ्टवेअरच्या नावानिशी करा

‘इंजिनिअरिंगसाठी हवा’ किंवा ‘एडिटिंगसाठी हवा’ एवढ्या माहितीवर निर्णय होत नाही. पुढील तीन-चार वर्षांत कोणती सॉफ्टवेअर लागणार आहेत, याची यादी महाविद्यालयातील वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून किंवा प्राध्यापकांकडून घ्यावी आणि प्रत्येक सॉफ्टवेअरच्या अधिकृत संकेतस्थळावरील आवश्यकता पाहाव्यात.

कार्यालयीन कामे, ऑनलाइन वर्ग, टॅली, प्रोग्रामिंग, वेबसाइट तयार करणे, डेटाबेस आणि मराठी डीटीपी यांसाठी गेल्या चार-पाच वर्षांतील जवळपास कोणतेही इंटिग्रेटेड ग्राफिक्स पुरतात. संगणक शाखेच्या विद्यार्थ्याला कार्डापेक्षा १६ जीबी रॅम आणि चांगला कीबोर्ड यांचा अधिक उपयोग होतो. मॅटलॅबमधील नेहमीची गणिते प्रोसेसरवर चालतात. मशीन लर्निंग शिकताना मात्र ग्राफिक कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीच्या कूडा या (कार्डावर गणिते चालवण्याच्या) प्रणालीचा प्रश्न येतो, कारण अनेक अभ्यासक्रम आणि उदाहरणे तिच्यावरच आधारलेली असतात आणि ती फक्त एनव्हिडियाच्या कार्डांवर चालते. तरीही सुरुवातीचे प्रयोग गूगल कोलॅब किंवा कॅगल येथे वेळेच्या मर्यादेत विनामूल्य मिळणाऱ्या कार्डांवर करता येतात, आणि ४ जीबी मेमरीच्या लॅपटॉप कार्डावर मोठी मॉडेले तशीही मावत नाहीत. ज्याला हा विषय रोज, इंटरनेटवर विसंबून न राहता करायचा आहे, त्यानेच यासाठी कार्ड घ्यावे असे माझे मत आहे.

यंत्र आणि स्थापत्य शाखेत ऑटोकॅडमधील द्विमितीय आराखडे आणि सॉलिडवर्क्समधील लहान जुळण्या (असेंब्ली) चांगल्या इंटिग्रेटेड ग्राफिक्सवर होतात. शेकडो सुट्या भागांची जुळणी फिरवून पाहायची वेळ आली की अडखळणे सुरू होते. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांसाठी मात्र उत्तर वेगळे आहे. स्केचअप आणि रेव्हिटमधील मध्यम आकाराचे मॉडेल चालेल, परंतु ल्युमियन, एनस्केप, ट्विनमोशन, डी५ रेंडर यांसारखी प्रत्यक्ष वेळेत देखावा उभा करणारी सॉफ्टवेअर स्वतंत्र कार्ड गृहीत धरूनच बनवलेली आहेत. वास्तुकलेच्या अभ्यासक्रमात ही लागतातच. म्हणून तेथे कार्डाच्या बाबतीत काटकसर करू नये.

व्हिडिओ संकलनाबद्दल बराच गैरसमज आहे. मोबाइलवर किंवा कॅमेऱ्यावर चित्रित केलेली फाइल उलगडण्यासाठी प्रोसेसरमध्ये वेगळा विभाग असतो. इंटेलने तो क्विक सिंक या नावाने २०११ मध्ये आणला आणि तो इंटिग्रेटेड ग्राफिक्सचाच भाग आहे. लग्नसमारंभांचे चित्रीकरण करणारे अनेक जण आता कॅमेऱ्यात १० बिट ४:२:२ पद्धतीची एचईव्हीसी फाइल (रंगांची अधिक माहिती साठवणारा व्हिडिओ प्रकार) नोंदवतात. अशी फाइल अकराव्या पिढीपासूनचे इंटेलचे इंटिग्रेटेड ग्राफिक्स थेट उलगडू शकतात, तर एनव्हिडियाच्या कार्डांमध्ये ही सोय २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेपासून मिळाली. त्यामुळे त्याआधीच्या महागड्या कार्डापेक्षा इंटेलच्या साध्या प्रोसेसरवर टाइमलाइन अधिक सुरळीत सरकते, असा अनुभव प्रीमियर प्रोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये येतो. रंगसंस्करण, चित्रातील दाणे (नॉइज) काढणे आणि थरांवर थर असलेले इफेक्ट्स ही कामे मात्र कार्डाच्या ताकदीवरच अवलंबून असतात. यूट्यूबसाठी फुल एचडी व्हिडिओ करणाऱ्याला चांगले इंटिग्रेटेड ग्राफिक्स आणि १६ जीबी रॅम पुरते. ४के चित्रीकरण असेल तर आधी कमी आकाराच्या प्रॉक्सी फाइल तयार करून संकलन करावे.

खेळांच्या बाबतीत व्हॅलोरंटसारखा हलका खेळ २०१२ च्या इंटेल एचडी ४००० वरही किमान पातळीवर चालेल असे त्याच्या अधिकृत आवश्यकतांमध्ये नमूद आहे. जीटीए ५ सारखे जुने मोठे खेळ आजच्या मध्यम इंटिग्रेटेड ग्राफिक्सवर सेटिंग कमी करून खेळता येतात. नवे भव्य खेळ मात्र बहुतेक चांगल्या इंटिग्रेटेड चिपांवरही तडजोडीनेच चालतात, आणि ज्याला ते खेळायचेच आहेत त्याने कार्डाचा लॅपटॉप घ्यावा.

दुसरी पायरी: प्रोसेसरचे पूर्ण नाव मिळवा

जाहिरातीतील ‘आय५’ किंवा ‘रायझन ५’ यावरून काहीही कळत नाही. पूर्ण क्रमांक लिहून घ्यावा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर त्यासमोर कोणते ग्राफिक्स दिले आहेत हे पाहावे. इंटेलच्या आय५-१२३५यू आणि आय५-१३३५यू या पातळ लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये ८० एक्झिक्यूशन युनिट्सचे (ग्राफिक्समधील गणना करणारे घटक) आयरिस एक्सई ग्राफिक्स आहेत. नावात ‘एच’ असल्यामुळे अधिक ताकदवान वाटणाऱ्या आय५-१२४५०एच आणि आय५-१३४२०एच यांमध्ये मात्र ४८ युनिट्सचे यूएचडी आहेत, कारण ते प्रोसेसर स्वतंत्र कार्डासोबत वापरले जातील असे गृहीत धरलेले असते. कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये असा ‘एच’ प्रोसेसर दिसला तर ग्राफिक्सच्या दृष्टीने तो ‘यू’ पेक्षा दुबळा ठरू शकतो.

एएमडीमध्ये हा घोळ आणखी मोठा आहे. ७००० मालिकेतील रायझन ५ ७५२०यू मध्ये रेडिऑन ६१०एम आहे आणि त्यात केवळ २ कंप्यूट युनिट्स (एएमडीचे गणना करणारे घटक) आहेत. रायझन ५ ७५३०यू मध्ये जुन्या व्हेगा रचनेची ७ युनिट्स आहेत, रायझन ५ ७५३५यू मध्ये ६६०एम ची ६, रायझन ७ ७७३५एचएस मध्ये ६८०एम ची १२ आणि रायझन ७ ७८४०एचएस मध्ये नव्या रचनेच्या ७८०एम ची १२. क्रमांकात एका अंकाचा फरक असलेल्या दोन लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सची ताकद दुप्पट-तिप्पट बदलू शकते, आणि दुकानातील पाटीवर या दोघांवरही ‘रेडिऑन ग्राफिक्स’ एवढेच लिहिलेले असते.

ढोबळमानाने चढता क्रम असा लावता येईल. तळाशी इंटेल एन१०० सारख्या चिपांमधील यूएचडी आणि ६१०एम. त्यांच्यावर केवळ कागदपत्रे, वर्ग आणि व्हिडिओ पाहणे एवढेच सोपवावे. त्यांच्या वर व्हेगा आणि आयरिस एक्सई. सर्वसाधारण घर, महाविद्यालय आणि हलके संकलन यांसाठी हा स्तर पुरेसा आहे. त्यावर ६८०एम, ७८०एम आणि इंटेल कोअर अल्ट्रा एच मालिकेतील आर्क ग्राफिक्स, ज्यांची ताकद साधारणतः आयरिस एक्सईच्या दीड ते दोन पट आहे. २०२४ मधील रेडिऑन ८९०एम आणि आर्क १४०व्ही त्याही पुढे आहेत. अगदी वरच्या टोकाला २०२५ चा रायझन एआय मॅक्स+ ३९५ आणि ॲपलच्या प्रो व मॅक्स चिपा येतात. त्यांना दुबळे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही, पण त्यांची किंमतही तशीच आहे.

तिसरी पायरी: रॅमची मांडणी तपासा

सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा, कारण बहुतेक खरेदीदार येथेच फसतात. रॅमच्या एका पट्टीचा डेटामार्ग ६४ बिटांचा, म्हणजे ८ बाइटचा असतो. डीडीआर४-३२०० प्रकारची पट्टी सेकंदाला ३२०० दशलक्ष वेळा डेटा पाठवते. ८ ने गुणले की २५.६ जीबी प्रति सेकंद हा आकडा मिळतो. दोन पट्ट्या असल्या तर दोन मार्ग एकाच वेळी वाहतात आणि हा वेग ५१.२ जीबी होतो. दोन डीडीआर५-५६०० पट्ट्यांचा ८९.६ जीबी. तुलनेसाठी, आरटीएक्स ४०५० या लॅपटॉप कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा वेग १९२ जीबी प्रति सेकंद आहे, आणि तो त्याला कोणाशीही वाटून घ्यावा लागत नाही. इंटिग्रेटेड ग्राफिक्सला मात्र रॅमचा हाच प्रवाह प्रोसेसरसोबत वाटून घ्यायचा असतो. एकाच नळावर दोन घरांनी पाणी भरावे तसे ते असते.

ऑटोकॅडच्या अलीकडच्या आवृत्त्यांसाठी ऑटोडेस्कने ग्राफिक्स मेमरीचा किमान वेग २९ जीबी आणि शिफारस केलेला वेग १०६ जीबी प्रति सेकंद दिला आहे. म्हणजे डीडीआर४ ची एकच ८ जीबी पट्टी असलेला लॅपटॉप किमान अटीच्याही खाली राहतो आणि तशीच दुसरी पट्टी बसवताच तो अटीच्या बराच वर जातो. प्रोसेसर तोच, ग्राफिक्स तेच. बदल केवळ एका पट्टीचा. खेळ आणि त्रिमितीय कामांत या एका बदलाने वेग लक्षणीय वाढतो, आणि ‘ग्राफिक्स कमी पडतात’ अशी तक्रार घेऊन नवा लॅपटॉप शोधणाऱ्यांपैकी अनेकांचे काम एवढ्यावरच भागू शकते.

इंटेलने तर दोन पट्ट्यांची अट नावातच गुंफली आहे. आयरिस एक्सईची चिप असूनही रॅमची एकच पट्टी असेल तर विंडोजमध्ये तिचे नाव ‘इंटेल यूएचडी ग्राफिक्स’ असे दिसते, आणि दुसरी पट्टी बसवल्यावर ते ‘आयरिस एक्सई’ होते. कोअर अल्ट्राच्या पहिल्या पिढीतही ‘आर्क’ हे नाव मिळण्यासाठी दोन मार्गांत किमान १६ जीबी रॅम लागते. खोक्यावर एक नाव आणि पडद्यावर दुसरे दिसले तर फसवणुकीचा संशय घेण्यापूर्वी पट्ट्या मोजाव्यात.

तपासण्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर जावे आणि खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ पाहावे. ‘१ ऑफ २’ असे दिसले तर एक जागा रिकामी आहे. ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘रो ऑफ चिप्स’ असे असेल तर रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली (कायमची जोडलेली) आहे. तेव्हा मॉडेलची माहितीपुस्तिका पाहून वेगळा स्लॉट आहे का, याची खात्री करावी. सोल्डर केलेली रॅम वाईट नसते. उलट एलपीडीडीआर५एक्स प्रकारची सोल्डर रॅम १२८ बिटांच्या मार्गावर १२० जीबी प्रति सेकंदापर्यंत आणि त्याहूनही पुढे जाते, जे पट्ट्यांना जमत नाही. परंतु ती नंतर वाढवता येत नाही, म्हणून खरेदीच्या वेळीच १६ जीबी घ्यावी. रायझन ५ ७५२०यू मध्ये सोल्डर रॅमचा मार्गही केवळ ६४ बिटांचा असतो आणि एन१०० मध्येही एकच मार्ग मिळतो. तेथे कोणताही उपाय चालत नाही.

डीडीआर५ च्या बाबतीत एक गोंधळ होतो. तिच्या एका पट्टीत ३२ बिटांचे दोन उपमार्ग असल्यामुळे सीपीयू-झेडसारखे सॉफ्टवेअर एकाच पट्टीला दोन चॅनेल दाखवते. एकूण रुंदी मात्र ६४ बिटच राहते, म्हणून ‘डीडीआर५ आहे, एक पट्टी पुरते’ हे विक्रेत्याचे म्हणणे मान्य करू नये. पट्ट्या शक्यतो समान क्षमतेच्या असाव्यात. ८ जीबी सोल्डर आणि १६ जीबीची पट्टी अशी जोडी केली तर १६ जीबीपर्यंतचा भाग दुहेरी मार्गाने आणि उरलेला ८ जीबी एकेरी मार्गाने चालतो. हेही चालण्यासारखे आहे.

रॅमचे प्रमाणही येथेच ठरवावे. ग्राफिक्ससाठी काही भाग कायमचा बाजूला ठेवला जातो, म्हणून सेटिंग्जमधील ‘अबाउट’ पानावर ८ जीबीसमोर ‘वापरण्याजोगी’ रॅम काही लॅपटॉपमध्ये ६ जीबीच्याही खाली दिसते. विंडोज आणि ब्राउझर यांनी त्यातून आपला वाटा घेतल्यावर थोडेच उरते. इंटिग्रेटेड ग्राफिक्सचा लॅपटॉप घ्यायचा असेल तर १६ जीबी ही किमान मर्यादा मानावी.

चौथी पायरी: वीज, उष्णता आणि पडदा

तीच ७८०एम चिप पातळ लॅपटॉपमध्ये १५ वॅटवर आणि जाड लॅपटॉपमध्ये ४५ वॅट किंवा त्याहून अधिक विजेवर चालवली जाऊ शकते, आणि ही मर्यादा निर्माता ठरवतो. प्रोसेसर व ग्राफिक्स ही वीज आपसांत वाटून घेतात. म्हणून नेमक्या त्याच मॉडेलचे परीक्षण वाचावे किंवा पाहावे. केवळ चिपच्या नावाचा निकाल सर्व लॅपटॉपना लागू होत नाही. जेथे वीज वारंवार जाते, तेथे दुसरी बाजूही महत्त्वाची ठरते. इंटिग्रेटेड ग्राफिक्सच्या लॅपटॉपला बहुधा ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर पुरतो, तर कार्डाच्या लॅपटॉपसोबत १५० ते २३० वॅटचा जड अडॅप्टर येतो, आणि घरच्या इन्व्हर्टरवर हा फरक लगेच जाणवतो.

पडद्याचे गणित सरळ आहे: ४के पडद्यावर फुल एचडीच्या चौपट बिंदू असतात. कार्यालयीन कामासाठी ४के मॉनिटर जोडायला हरकत नाही, पण लॅपटॉपचे एचडीएमआय पोर्ट १.४ आवृत्तीचे असेल तर ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलेल आणि माउस हलवताना ते खटकेल. हा दोष ग्राफिक्सचा नसून पोर्टचा असतो.

पाचवी पायरी: दुकानात किंवा परताव्याच्या मुदतीत प्रत्यक्ष चाचणी

टास्क मॅनेजरमधील ‘जीपीयू’ पानावर चिपचे नाव वाचावे. यूट्यूबवर ४के व्हिडिओ लावावा, त्यावर उजवी कळ दाबून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडावे आणि गळलेल्या चौकटींची (ड्रॉप्ड फ्रेम्स) संख्या वाढते का ते पाहावे. त्याच वेळी टास्क मॅनेजरमधील ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख हलत असेल तर काम ग्राफिक्सवर होत आहे. आलेख स्थिर आणि प्रोसेसर मात्र तापलेला असेल, तर तो व्हिडिओ प्रकार चिपला उलगडता येत नाही किंवा ड्रायव्हर जुना आहे. एव्ही१ हा नवा व्हिडिओ प्रकार उलगडण्याची सोय इंटेलच्या अकराव्या पिढीपासून आणि एएमडीच्या रायझन ६००० मालिकेतील ६६०एम व ६८०एम पासून मिळते. त्याहून जुना साठा सवलतीत मिळत असेल तर हे लक्षात घ्यावे. त्यानंतर चार्जर काढून हीच चाचणी पुन्हा करावी.

स्वतःच्या कामाची एक खरी फाइल पेनड्राइव्हवर न्यावी: एखादा मोठा आराखडा किंवा पाच मिनिटांचे चित्रीकरण. ती वीस मिनिटे सलग हाताळल्यावर पंख्याचा आवाज आणि वेगातील घट जे सांगते, ते कोणत्याही बेंचमार्कच्या आकड्यात दिसत नाही.

कार्ड घ्यायचेच ठरले तर

नावापुरते कार्ड घेऊ नये. एमएक्स४५० सारखी २ जीबीची कार्डे ६८०एम आणि ७८०एम यांच्या बरोबरीला कशीबशी येतात, आणि सवलतीच्या लॅपटॉपमध्ये ती आजही ‘ग्राफिक कार्डसहित’ म्हणून विकली जातात. आरटीएक्स २०५० ला कूडा मिळते खरी, परंतु त्या कार्डाचा मेमरीमार्ग ६४ बिटांचाच आहे. रेंडरिंग किंवा नवे खेळ हे खरे कारण असेल तर किमान ६ जीबी मेमरीचे कार्ड पाहावे आणि ८ जीबी परवडत असेल तर तेच घ्यावे. मॅकबुकचा विचार असेल तर एम४ चा मेमरीवेग १२० जीबी प्रति सेकंद आहे आणि संकलनासाठी तो उत्तम आहे; मात्र सॉलिडवर्क्स आणि रेव्हिट मॅकवर उपलब्ध नाहीत, त्यामुळे अभियांत्रिकी व वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी तो मार्ग टाळावा.

आधीच घेतलेल्या लॅपटॉपमधून अधिक काम काढण्यासाठी

रिकामा स्लॉट असेल तर प्रथम दुसरी पट्टी बसवावी. त्यापूर्वी सेवा केंद्राकडून पाठचे झाकण उघडल्याने वॉरंटीवर परिणाम होतो का, हे लेखी विचारून घ्यावे आणि शक्य असल्यास पट्टी त्यांच्याकडूनच बसवावी. ग्राफिक्सचे ड्रायव्हर इंटेलच्या किंवा एएमडीच्या संकेतस्थळावरून नवे करावेत. लॅपटॉप निर्मात्याच्या पानावरील आवृत्ती अनेकदा बरीच मागे असते. खेळांमध्ये रेझोल्यूशन कमी करण्याऐवजी आधी सावल्या आणि प्रतिबिंबे कमी करावीत, आणि एफएसआर किंवा एक्सईएसएसची (लहान चित्र मोठे करून वेग वाढवणारी तंत्रे) सोय असेल तर ती सुरू करावी. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये (विंडोजपूर्वी उघडणारी मूळ सेटिंग्ज) ग्राफिक्ससाठी राखीव रॅम वाढवता येते. एखादे सॉफ्टवेअर किंवा खेळ मेमरी कमी असल्याचे कारण देऊन सुरूच होत नसेल तेव्हा ही सोय उपयोगी पडते. तिने वेग वाढत नाही, आणि ८ जीबीच्या लॅपटॉपवर ती वाढवली तर उरलेल्या कामांना रॅम अपुरी पडते.